दूध उतू जाईपर्यंत

जबाब दि. ०९/०२/२०२५, वेळ १७.२०

नाव : सायली धनराज भोये (माहेरचे नाव सायली सावळीराम उगले)
वय : २४ वर्षे
व्यवसाय : खासगी नोकरी, रक्त तपासणी लॅबमध्ये नमुन्यांची नोंद करणे
राहणार : श्रीमती सिंधुबाई खैरनार यांचे घर, वरचा मजला, जेल रोड, नाशिक रोड (आज सकाळी साडेनऊपासून)
मूळ गाव : ता. सिन्नर, जि. नाशिक
मयताशी नाते : पत्नी
संशयितांशी नाते :

समक्ष विचारण्यात आल्यावरून मी सांगते ते असे की, मी वरील ठिकाणी राहण्यास असून हा जबाब माझ्या इच्छेने स्वतःच्या हाताने लिहीत आहे. हवालदार मॅडम लिहून घेणार होत्या, परंतु मला सलग बोलता येत नव्हते. लिहिता येत आहे.

आमची वस्ती गावापासून लांब असल्याने मी थेट तिसरीत शाळेत बसले. त्याआधी वडिलांनी मला घरी शिकवले. ते ग्रामपंचायतीत लिपिक होते. लोक अर्ज भरून घ्यायला आमच्या ओट्यावर येत. त्यांनी मला आधी अक्षरे शिकवली आणि मग अर्ज भरायला शिकवले. खोटे लिहायचे नाही आणि एकही रकाना मोकळा ठेवायचा नाही, असे ते सांगत. हे या प्रकरणाशी संबंधित असल्याने लिहिले आहे.

माझे पती धनराज मंगळू भोये, वय २८, मूळ राहणार ता. सुरगाणा, हे एकलहरे येथे ठेकेदाराकडे इलेक्ट्रिशियन होते. त्यांची जात कोकणा (अनुसूचित जमाती). आमचे लग्न दि. १४/१०/२०२४ रोजी नोंदणी पद्धतीने झाले. माझ्या माहेरच्यांना ते मान्य नव्हते. माझा भाऊ सुयश याने फोनवर मारण्याची धमकी दिली होती. तेव्हा मी तक्रार दिली नाही. वडील धमकी देत नव्हते. ते फोन उचलत नव्हते.

लग्नानंतर मी महिला वसतिगृहात आणि धनराज कामावरच्या मित्रांच्या खोलीत राहत होतो. डिसेंबरपासून आम्ही एकत्र राहण्यासाठी भाड्याचे घर शोधत होतो. एकूण एकवीस ठिकाणी नकार मिळाला. गंगापूर रोडवरील एका मालकांनी धनराज यांना गाव विचारले आणि म्हणाले, "सुरगाणा? म्हणजे जंगलातले. उद्या बाल्कनीत कोंबड्या पाळाल." धनराज म्हणाले, "नाही काका, कोंबड्यांना लिफ्टचं बटण दाबता येत नाही." मालक हसले. घर दिले नाही. बाकी ठिकाणी बहुतेक एकच विचारत, मुलीकडचे माणूस सोबत का नाही.

दि. ०२/०२/२०२५ रोजी आम्ही बाविसावे घर पाहिले. मालकीण सिंधुबाई खैरनार खालच्या मजल्यावर एकट्या राहतात. त्यांनी जात विचारली नाही. त्या म्हणाल्या, "मला काही घेणं नाही कोण कुठले त्याचं. पण पळून आलेल्यांना मी घर देत नाही. उद्या माझ्या दारात तमाशा नको. माहेरचं एक माणूस दाखव बाई."

पोलीस ठाण्यात द्यायचा भाडेकरू माहितीचा अर्ज मी तिथेच भरला. त्यात ओळख देणाऱ्या दोन व्यक्तींची नावे, नाते व मोबाईल क्रमांक असा रकाना होता. एक नाव मी लॅबमधील मैत्रीण तृप्ती हिचे लिहिले. दुसरे माहेरचे पाहिजे होते. धनराज मला बाजूला घेऊन म्हणाले, "तृप्तीच्या आईचं लिही. मावशी म्हण. कोण बघायला जातंय?" तृप्तीची आई माझी मावशी नाही. अर्जाच्या शेवटी 'वरील माहिती खरी आहे' असे छापलेले होते. मी वडिलांचे नाव व क्रमांक लिहिला. धनराज यांनी अर्ज वाचला. त्यांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी सिंधुबाईंनी वडिलांना फोन केला. सिंधुबाईंचा फोन वडिलांनी उचलला. नंतर सिंधुबाईंनी मला सांगितले, "किती मायेचा माणूस गं तो! पोरगी गुणाची, जावईही कष्टाळू, बिनधास्त द्या घर म्हणाला. आणि बारीकसारीक सगळं विचारलं त्यानं. वरचा मजला का, मागून जिना आहे का, जावई कामावर कधी जातात, राहायला कधी येणार." सिंधुबाईंनी सर्व सांगितले होते. यात त्यांचा काही दोष नाही.

त्या संध्याकाळी धनराज मला म्हणाले, "मागचा जिना कशाला पाहिजे त्यांना? हे घर सोडून देऊ." मी त्यांना समजावले. वडील आहेत, काळजी असते, असे मी म्हणाले. आता तेविसावे घर बघायची माझी ताकद नाही, असेही म्हणाले. त्यावर ते, "बरं, तू म्हणशील तसं," असे म्हणाले.

नंतर मी वडिलांना फोन केला. चार महिन्यांनी ते माझ्याशी बोलले. ते म्हणाले, "अर्ज तूच भरला ना? त्या बाईनं फोटो धाडलाय मला. एक रकाना मोकळा नाय. शाब्बास माय." पुढे म्हणाले, "रविवारी येतो आम्ही, दूध उतू घालवायला. जावयाला सांग, शिफ्ट बदलून घे. घरात पहिलं दूध उतू जाताना घरधनी पाहिजे." धनराज यांची आज सकाळची शिफ्ट होती. माझ्या सांगण्यावरून त्यांनी ती बदलून घेतली.

आज सकाळी १०.१० वाजता वडील, भाऊ सुयश व दोन अनोळखी इसम पांढऱ्या पिकअपमधून आले. वडिलांनी घरच्या म्हशीचे पाच लिटर दूध व नवे पातेले आणले होते. धनराज त्यांच्या पाया पडले. वडिलांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मी दूध गॅसवर ठेवले. "मोठ्या आचेवर करपतं," असे म्हणून वडिलांनी स्वतः गॅस बारीक केला. "उतू जाईपर्यंत इथून हलायचं नाय. अर्धवट सोडलं तर घराला लागतं," असे ते म्हणाले. आमच्याकडे तसे मानतात. मीही मानत होते.

सुयश धनराज यांना म्हणाला, "दाजी, गव्हाची पोती आणलीत तुमच्यासाठी. चला, हात लावा." त्याने त्यांना दाजी म्हटल्याचे मी प्रथमच ऐकले. धनराज हसत म्हणाले, "पोतं मी घेतो, मेव्हण्यांनी फक्त वाट दाखवायची." ते दोघे मागच्या जिन्याने खाली गेले. सोबतचे दोन इसम वर आलेच नव्हते. हा जिना लोखंडी व गोल आहे. त्यावरून भरलेले पोते वर आणता येत नाही. पुढचा जिना रुंद आहे आणि पिकअप पुढच्या बाजूला उभी होती. ही गोष्ट मला तेव्हा सुचली नाही.

वडील स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. अंदाजे दहा मिनिटांनी मागून आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा आला. पोते पडल्याचा आवाज मी लहानपणापासून ऐकला आहे. तो आवाज पोत्याचा नव्हता. दोन आवाजांच्या मध्ये धनराज यांनी मला हाक मारली. "सायली" अशी एकदाच मारली. मी वडिलांकडे पाहिले. ते म्हणाले, "सुयश चेष्टा करतोय. दुधावर लक्ष दे."

मी दुधावर लक्ष दिले.

दूध उतू जायला त्यानंतर आणखी काही मिनिटे लागली. मी वडिलांना, "नाना, गेलं उतू," असे म्हणाले. सावळीराम उगले म्हणाले, "झालं मग. जा आता खाली."

मी मागच्या जिन्याने खाली गेले. धनराज पायथ्याशी पालथे पडलेले होते. डोक्याच्या मागच्या बाजूने रक्त येत होते. शेजारी गव्हाचे एक पोते होते. त्याचे तोंड शिवलेले होते व त्यावर रक्त नव्हते. सुयश म्हणाला, "पाय सटकला दाजींचा." सावळीराम उगले यांनी मोठ्याने सिंधुबाईंना हाक मारली व सोबतच्या इसमांना पिकअप घराच्या मागे आणायला सांगितली.

दवाखान्यात मला पेन धरता येत नव्हते. दाखल करण्याचा अर्ज सावळीराम उगले यांनी भरला. तो मी पाहिला आहे. रुग्णाचे पूर्ण नाव, वय, गाव सर्व बरोबर आहे. दुखापतीचे कारण : जिन्यावरून पडून. दाखल करणाऱ्याचे नाते : सासरे. एकही रकाना मोकळा नाही. १२.४० वाजता डॉक्टरांनी धनराज यांना मृत घोषित केले.

सावळीराम उगले यांनी या ठाण्यात माझ्या आधी जबाब दिला असून तो अपघाताचा आहे, असे मला सांगण्यात आले. तुम्ही मारताना पाहिले का, असे मला विचारण्यात आले. पाहिले असे लिहिले तर केस मजबूत होईल, हे मला समजते. मी पाहिले नाही. मी आवाज ऐकला, हाक ऐकली आणि जागची हलले नाही. तेवढेच खरे आहे, म्हणून तेवढेच लिहिले आहे. सावळीराम उगले व सुयश उगले यांनी ठरवून, सोबतच्या दोन इसमांच्या मदतीने माझ्या पतीला ठार मारले, अशी माझी त्यांच्याविरुद्ध कायदेशीर तक्रार आहे.

धनराज यांच्या आईवडिलांना अद्याप कळवलेले नाही. त्यांच्या पाड्यावर फोन लागत नाही. कोणीतरी जाऊन सांगावे, ही विनंती.

हा जबाब मॅडमनी मला मोठ्याने वाचून दाखवला. तो मी लिहिल्याप्रमाणे बरोबर आहे. वर नात्याचा एक रकाना राहिला आहे, भरून द्या, असे त्यांनी सांगितले. तो राहिलेला नाही. मी मोकळा ठेवला आहे.

सही
सायली धनराज भोये