पू दारमंगांनी ताल बदलला नाही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या मंडळीचे पाळक साहेब, व्यासपीठावरील सर्व वडील, खुआलेन गावाहून एवढी चढण चढून आलेले पाहुणे, महिला मंडळातल्या माझ्या मैत्रिणींनो, मागच्या दारात उभं राहून 'डुकराचं मटण गार होतंय' अशा खुणा करणाऱ्या तरुण संघाच्या कार्यकर्त्यांनो, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आदरणीय पू दारमंगा आणि पी थुआमी, म्हणजे आपले काका-काकू, आपणां सर्वांना प्रभूच्या नावात सलाम.

पाळक साहेबांनी मला सांगितलंय, "एंगी टीचर, थोडक्यात बोला." साहेब, जन्मभर शाळेत पोरांना 'थोडक्यात उत्तरे लिहा' असं सांगत आले, मला स्वतःला ते कधी जमलं नाही. तरी प्रयत्न करते.

दारमंगाकाका आता लेकीकडे ऐझॉलला राहायला चाललेत. खांदा उचलत नाही, डोळ्यांनी नीट दिसत नाही. आपल्या देवालयातला ढोल त्यांनी गेल्या रविवारी तरुणांच्या हवाली केला. इतकी वर्षं या गावात एकही उपासना, एकही लग्न, एकही मयत त्यांच्या ढोलावाचून झालं नाही. आता त्या जागी कोण बसणार, यावरून तरुण संघात काय चाललंय ते मला माहीत आहे. मी काही बोलत नाही.

पण एका गोष्टीवर मला बोलायचंय. मघाशी पाळक साहेब म्हणाले, "दुःखातही यांच्या चेहऱ्यावरचं हसू कधी मावळलं नाही. ख्रिस्ती आनंद तो हाच." साहेब, तुम्ही आमच्याकडे येऊन दोनच वर्षं झाली, तुमचा दोष नाही. पण हे काकांचं वर्णन नाही. एक तर काका फार हसतच नाहीत. गाणाऱ्याचा ताल चुकला की ते असे बघतात की माणसाने पुढच्या रविवारी दुसऱ्या गावात जाऊन गावं. आणि रडण्याचं म्हणाल, तर मी त्यांना रडताना पाहिलंय. ढोलाचं कातडं ओलं होईपर्यंत रडताना पाहिलंय. त्यांचा आनंद मी त्याच दिवशी पाहिला. तेवढं सांगते आणि बसते.

दरड कोसळली तो दिवस. इथल्या थोरांना सगळं आठवतं, नव्यांसाठी सांगते. आठवडाभर पाऊस लागून राहिला होता. सकाळी दगडखाणीवर अर्धा डोंगर खाली आला. आत दोघं होते. एक काकांचा एकुलता एक मुलगा झिरसांगा, आपला झिरा. दुसरा माझा नवरा रुआता, दगड भरायला ट्रक घेऊन गेलेला. टॉवर आडवा झाला होता, फोन बंद. काकांचं घर कड्यावर, त्यांच्या खिडकीतून खाण सरळ खाली दिसते. पण खाली जायची वाट दरडीने नेलेली, सगळ्या डोंगराला वळसा घालून जावं लागे. मी सकाळपासून त्या खिडकीत उभी होते. माझ्या शेजारी थुआमीकाकू.  

गावातले सगळे धडधाकट पुरुष खाली खणत होते. तरुण संघाचा तेव्हाचा अध्यक्ष बियाका पुढे होता. वरून माती सुटतच होती. दोनदा सगळे पळाले, दोनदा परत आले. काकाही खणत होते, पण दुपारी त्यांना धाप लागली म्हणून बियाकाने त्यांना बळेच वर पाठवलं.

आणि ते वर पोचायच्या आधी खुआलेनचे लोक आले. पू ह्रांगा, तुम्ही मान खाली घालू नका. तुमच्या जागी आम्ही असतो तर तेच केलं असतं. त्यांच्या गावात बातमी पोचली ती 'दोघंही गेले' अशीच पोचली. मयताच्या घरी जायचं म्हणजे मयतावर पांघरायला पुआनची चादर न्यायची, ढोल न्यायचा आणि बसून गायचं, हे का कुणाला शिकवावं लागतं? तुम्ही आलात, पुआन पुढ्यात ठेवलीत, बसलात आणि मयताचा तो संथ ताल धरलात. घरात बायका होत्या. त्यांना वाटलं, खालून काहीतरी निरोप आला असेल. मलाही वाटलं. 

मग मी खिडकीतून खाली पाहिलं. खाली फावडी थांबली होती. माणसांनी टोप्या काढून हातात घेतल्या होत्या. बियाकासुद्धा मान खाली घालून उभा होता. त्यांना ऐकू गेला तो मयताचा ढोल, आणि मयताचा ढोल वाजला म्हणजे घरानं ते मान्य केलं. आता जिवंत माणसांना त्या डोंगराखाली उभं करायचं कारण उरलं नाही. दोघंतिघं वाटेला लागलेही.

"अरे, थांबा!" मी खिडकीतून ओरडले. पावसात ते कुणाला ऐकू जाणार?

तेवढ्यात काका दारात आले. कमरेपर्यंत चिखल. "कुणी सांगितलं वाजवायला?"

ह्रांगा म्हणाले, "दादा, आम्हाला कळलं की दोघंही..."

"कुठे दोघंही? अजून एकही सापडला नाही!"

 खाली माणूस धाडायचा तर तासभर जाणार. तोवर सगळे वर आले असते, आणि एकदा चढून आलेल्या थकल्या माणसांना परत त्या मातीखाली कोण पाठवणार? काकांनी खिडकीतून एकदाच पाहिलं आणि म्हणाले, "ढोल इकडे द्या."

मला वाटलं फेकून देतात आता. ते खाली बसले, ढोल मांडीशी घेतला आणि वाजवायला लागले. काय वाजवलं असेल? नाताळच्या सकाळचा ताल! ज्या तालावर आपण देवालयात बाक सरकवून नाचतो, तो.

कोपऱ्यातल्या एक आजी म्हणाल्या, "डोकं फिरलं बिचाऱ्याचं." मंडळीच्या एका वडिलांनी काकांचा हात धरला. नाव घेत नाही, इथेच बसलेत. "मंगा, शुद्धीवर ये. लोक काय म्हणतील?"

"खालचे काय म्हणतात ते बघ," काका म्हणाले आणि हात सोडवून घेतला.

मी बघत होते. बियाकाने मान वर केली. बराच वेळ तो नुसता वर बघत राहिला. मग त्याने टोपी डोक्यावर घातली आणि फावडं उचललं. वाटेला लागलेले मागे फिरले.

काका वाजवत राहिले. हात बदलून वाजवत राहिले. आम्ही एकेक करून गायला लागलो, कारण तो ताल चालू असताना गप्प बसणं आपल्या लोकांना जमत नाही. प्रभू कबरेतून उठला ते गाणं, तेही त्याच तालाचं. माझा आवाज कुठून निघत होता ते प्रभूलाच ठाऊक.

उजेड कमी व्हायला लागला तेव्हा खणणाऱ्यांतला मुआना धापा टाकत वर आला. दारातच थांबला. काकांकडे बघेना, जमिनीकडे बघत म्हणाला, "काका, झिरा सापडला."

काकांचा हात थांबला नाही. "बोल."

"गेला, काका. ट्रकच्या मागे होता. आणतायत त्याला."

काकूंनी तोंडात शालीचं टोक कोंबलं. आणि काकांनी काय विचारलं असेल? म्हणाले, "रुआता?"

"अजून नाही. ट्रक आणखी आत आहे." मुआना आता रडायला लागला. "बियाका सगळ्यांना म्हणालाय, हा ताल वाजतोय तोवर खणायचं. ताल बदलला की एकानेही खाली थांबायचं नाही, डोंगर सुटतोय. काका, पण आता तुम्ही..."

  मी कुठल्या तोंडाने म्हणणार होते, तुमचा मुलगा गेला, पण तुम्ही नाताळ वाजवत राहा? मी नुसती त्यांच्या हाताकडे बघत होते. सगळी खोली त्या हाताकडे बघत होती. तो हात थांबला असता तर या गावात एकही माणूस त्यांना दोष देणारा निघाला नसता. मी छातीठोक सांगते.

बोलल्या त्या थुआमीकाकू. शाल तोंडातून काढली आणि म्हणाल्या, "थांबू नका हं. एंगीचा माणूस अजून खाली आहे."

आणि त्यांनीच पुढचं कडवं उचललं. सूर नव्हता त्याला, काही नव्हतं. पण उचललं.

झिराला आणलं. चटईवर ठेवलं, काकांच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर. मयत घरात आलं की त्या क्षणी ताल बदलायचा, ही आपली रीत. काकू मुलाचं तोंड पुसत होत्या, काकांच्या डोळ्यांतलं पाणी ढोलावर पडत होतं, आणि ताल नाताळचा! पाळक साहेब, तुम्ही हसू म्हणालात. त्या खोलीत हसू नव्हतं.

पुढे कितीतरी महिन्यांनी मी त्यांच्या ओट्यावर गूळ तोंडात धरून काळा चहा पीत बसले होते, तेव्हा विचारलं, "काका, त्या वेळी तो ताल कुठून आणलात?" आधी म्हणाले, "हाताला आला तो वाजवला." काकांकडून दुसरं वाक्य काढायला दुसरा चहा लागतो. तो झाल्यावर म्हणाले, "पोरी, प्रभू कबरेतून उठला हे झिरा असताना खरं होतं ना? मग झिरा गेला म्हणून ते खोटं कसं होईल? आधी वाजवत होतो तेव्हा पोरगा जिवंत निघेल ही आशा होती. तो समोर आला तेव्हा ती गेली. म्हटलं, आता हाताखाली काय उरलंय बघू. तर हे उरलं होतं. रडू तर येतच होतं, ते येऊ दिलं."

मंडळी, मी बायबलच्या वर्गात वर्षानुवर्षं आनंद शिकवला. मला तो त्या ओट्यावर कळला.

असो. अंधार पडायच्या बेतात खालून आरडाओरडा झाला. मी खिडकीशी धावले. बियाका दोन्ही हात डोक्यावर नेऊन नाचवत होता, माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. ट्रकचं केबिन सापडलं होतं. रुआताचा पाय मोडला होता, पण तो जिवंत होता. घरात एकच कल्लोळ झाला. मी दाराकडे पळणार, एवढ्यात माझ्या लक्षात आलं, ढोल थांबलाय.

काकांनी काठी वर धरली होती. मला म्हणाले, "टीचर, निघाला का रुआता? नक्की?"

"निघाला, काका. जिवंत आहे."

"मग आता माझ्या मुलासाठी वाजवू?"

त्यांनी मला विचारलं. माझी परवानगी मागितली. मी मान हलवली असेल, आठवत नाही. मग त्यांनी तो संथ ताल धरला. खालची सगळी माणसं चिखलाने माखलेली तशीच वर आली आणि घरात, अंगणात, रस्त्यात बसून झिरासाठी गायली. आणि स्वर्गातल्या घराचं कडवं आलं तेव्हा थुआमीकाकू मुलाच्या उशाशी उठून उभ्या राहिल्या आणि डोळे मिटून, हात पसरून हळूहळू नाचायला लागल्या. कुणी त्यांना धरलं नाही.

अध्यक्ष महोदय, घंटेकडे तुमचा हात गेलेला मला दिसतोय. संपवते. आजचा कार्यक्रम ठरवणाऱ्या महिला मंडळाचे आणि तरुण संघाचे, स्वयंपाकघरात राबणाऱ्यांचे, लांबून आलेल्या पाहुण्यांचे मी मनापासून आभार मानते. माझ्या बोलण्यात काही उणं-अधिक निघून गेलं असेल, पाळक साहेबांना मी टोचून बोलले असेन, तर लहान समजून पोटात घाला.

काका आणि काकू यांचे आभार तेवढे राहिले. तिसऱ्या रांगेत काठी टेकून बसलेला माझा नवरा सकाळपासून मला म्हणतोय, "एंगी, आज तरी आभार मान." रुआता, तू सांग, कसे मानू? मुलगा समोर निजवलेला असताना यांनी तुझ्यासाठी नाताळ वाजवला. त्याला पुरेल असा शब्द मी इतकी वर्षं शोधतेय. मला अजून सापडलेला नाही.

प्रभू तुमच्या दोघांबरोबर असो.