एकेचाळिसातले तीन

माणसानं विश्वास ठेवायचा कुणावर, सांगा बरं? — त्या कोपऱ्यावरच्या चकाचक शोरूमच्या मॅनेजरवर? त्यानंच सांगितलं ना तुम्हाला, की या गादीवाल्याची सून दिवसभर डार्क वेबवर असते, तिथं पैसे गुंतवू नका म्हणून? — नाही, उठू नका, बसा, ती स्प्रिंगची आहे, जरा मागे सरून बसा म्हणजे कंबरेला आधार मिळेल. करार कुठं पळून चाललाय. तुम्ही आयुष्यभर ऑडिट केलंत, निवृत्तीचे पैसे आमच्या दुसऱ्या दुकानात घालायचं म्हणताय, तर चौकशी करणारच, आणि मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू. पण शंका सुनेबद्दल नको. तिच्याइतकं सरळ माणूस या घरात नाही — मला धरून.

असते ती डार्क वेबवर. पण कशी? डॉक्टर जसा दिवसभर रोगांत असतो, तशी. विद्यापीठात संशोधन करते ती त्याच्यावर. मलाही आधी धसकाच बसला होता — शस्त्रं-बिस्त्रं, चोरीची कार्डं, काय काय ऐकतो आपण — म्हणून एकदा खुर्ची ओढून तिच्या शेजारी जाऊन बसलो. तिनं माझ्याच धंद्यातून समजावलं. म्हणाली, बाबा, गादीचं वरचं कापड दिसतं ना, ते आपलं रोजचं इंटरनेट. आत काय भरलंय ते शिवण उसवल्याशिवाय कळत नाही. तिथं निरोप जातो तो एका हातातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या, आणि मधल्या कुठल्याच हाताला हे ठाऊक नसतं की आला कुणाकडून आणि चाललाय कुणाकडे. हिचा प्रोग्रॅम त्या पानापानांवरून फिरतो, कुठून कुठं वाट जाते ते मांडतो, आत काय माल आहे त्याचे ढीग लावतो. आणि निघतं काय? — मी तर हसलोच. निम्म्या दुकानांची शटरं खाली. उरलेल्यांत एकमेकांच्या नकला, तीच पाटी, तोच माल, पैसे फक्त भलत्याच्या खिशात. आणि शेजाऱ्याच्या दुकानाची वाट सहसा कुणी दाखवत नाही. मी म्हटलं, अगं, यात काळं काय आहे, ही तर आपलीच बाजारपेठ झाली.

पण चोर चोराकडून माल घेतो कसा? नाव नाही, चेहरा नाही, परत करायला जावं तर दार नाही. मी विचारलं तिला, हा धंद्याचाच प्रश्न आहे. तर तिथंही रिव्ह्यू असतात म्हणे. पाच तारे, माल वेळेवर, विक्रेता सज्जन. आणि तिच्या प्रबंधाचा गाभा हाच आहे बघा — यांतले खरे किती, आणि दुकानदारानं वेगवेगळी नावं घेऊन स्वतःच लिहिलेले किती. म्हणजे माणसाच्या लिहिण्यालाही एक चाल असते. अंगावरचे कपडे बदलले तरी चाल बदलत नाही. प्रोग्रॅम ती चाल ओळखतो.

आता तिचा सरळपणा ऐका. तुलनेसाठी तिला साध्या, प्रामाणिक लोकांचं लिखाण हवं होतं. कुणाचं घ्यावं? तिनं विश्वासानं आपल्या दुकानाचे रिव्ह्यू घेतले. एकेचाळीस. — हो, तेच, जे वाचून तुम्ही आलात. संध्याकाळी खाली आली, मी उशा रचत होतो. म्हणाली, "बाबा, प्रोग्रॅम बिघडला वाटतं. तिकडच्या चोरबाजारात शंभरातले वीस-पंचवीस खोटे दाखवतो, आणि आपल्याकडे एकेचाळिसातले अडतीस एकाच माणसाचे म्हणतो." मी म्हटलं, "बिघडला असेल, उन्हाळा आहे." तर म्हणाली, "कंबर बरी झालेल्या आजी, नवं जोडपं, निवृत्त मुख्याध्यापक, सगळे मध्येच एकदा म्हणतात — खोटं कशाला बोलू." आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. मी आपला उशा रचत राहिलो.

— नाही, तसं नाही, माझं म्हणणं काय, ते समजून घ्या. दुसरी एखादी असती तर घरातली गोष्ट म्हणून गिळून टाकली असती. हिनं प्रबंधात घातली. 'एक गादीविक्रेता' — नाव नाही, पण घातली. वर मला म्हणते, "तिकडचे लोक निदान स्वतःचं नाव लपवतात, बाबा. तुम्ही तर नसलेली माणसं जन्माला घातलीत." परवा बजावून गेली, ते ऑडिटर येतील, त्यांना सहीच्या आधी सांगा. मी म्हटलं, सांगतो की, सही झाली की निवांत सांगतो. — अशी सून, आणि तुम्ही तिच्यावर संशय घेता.

पेन खिशात का ठेवताय? — कुठला वाचून आला होतात तुम्ही? — मुख्याध्यापकांचा? तो जमलाय मात्र. उत्तरपत्रिका तपासून तपासून धरलेली ती पाठ — मला स्वतःला वाचताना भरून येतं. त्यांच्या बायकोचं आजारपणही घातलं होतं आधी, मग काढलं, बाईंना उगाच कशाला त्रास. — अहो, मी तरी काय करणार होतो? ती शोरूम उघडली आणि पहिल्याच आठवड्यात त्यांचे दोनशे रिव्ह्यू. माझ्याकडून लोक इतकी वर्षं गाद्या नेतायत, एकानं कधी चार ओळी लिहिल्या नाहीत. का लिहील? ज्याला शांत झोप लागली तो लिहायला उठतोय कशाला? म्हणून त्यांच्या वतीनं मी उठलो. गाद्या खऱ्या आहेत हो. ही घ्या कात्री, बसलाय ती गादी उसवून बघा, आत स्प्रिंगा निघाल्या नाहीत तर बोला. तुमची सही नाही झाली तर दुसरं दुकान राहू द्या, हेही शटर कायमचं उतरवावं लागेल, खोटं कशाला —

जाऊ द्या.

करार इथंच ठेवताय? ठेवा. पायरी जपून, बाहेरची फरशी हलते. तो मॅनेजर दारातच उभा असेल, विचारेल तुम्हाला. सुनेबद्दल विचारलं तर खरं ते सांगा. माझ्याबद्दलही सांगा, पण सगळेच खोटे, असं सांगत फिरू नका. तीन खरे आहेत. एकानं लिहिलंय, गादी ठीक, दुकानदार फार बोलतो. तुम्ही हिशेबाचे माणूस आहात — तेवढा हिशेब प्रामाणिकपणे ठेवा. तीन.