रामशेजवरची जिलबी

माझ्या जिलबीचं काय झालं ते सांगतो, पण मध्येच विलासला बोलू द्यायचं नाही.

मागच्या वर्षी माझी बायको मालती गेली, तेव्हा दहाव्याला कावळा काही केल्या पिंडाला शिवेना. मुलाने सांगून पाहिलं, तिच्या भावाने सांगून पाहिलं. शेवटी हा माझा मित्र विलास पुढे झाला आणि हात जोडून म्हणाला, "वहिनी, याला गोड खाऊ देणार नाही. याच्या शुगरकडे मी बघतो." कावळा लगेच आला! तेव्हापासून हा माणूस माझा चहासुद्धा आधी स्वतः चाखून बघतो.

हल्ली आम्ही दोघं दर रविवारी एक देऊळ आणि एक किल्ला करतो. परवा पंचवटीत दर्शन झालं. हा चपला शोधत होता, तेवढ्यात मी गरम जिलबी बांधून घेतली आणि सॅकच्या तळाशी लपवली. रामशेजवर पोचल्यावर तटाच्या आडोशाला बसून हळूच पुडी उघडली.

"काय खातोयस रे?" पलीकडून आवाज आला.

"काकडी."

एवढं म्हणतोय तोच कावळ्याने झडप घातली आणि हातातली अख्खी जिलबी घेऊन तो थेट विलाससमोर जाऊन बसला.

"ही काकडी?" विलास माझ्याकडे आला. "बघ, वहिनींचं अजून लक्ष आहे."

कावळ्याने जिलबी संपवली आणि मान वाकडी करून उरलेल्या पुडीकडे बघायला लागला. विलासने घाईघाईने हात जोडले.

"वहिनी, आता बास हं. शुगर तुम्हालाही होती."