कोन्सूबायची शेवटची बाटली

मंडळी, माझ्या थोरल्या मुलीचा, जेसिन्ताचा, बाप्तिस्मा झाला ते साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर. फेब्रुवारीचा शेवटचा रविवार. ईस्टरआधीचा उपवासकाळ तीन दिवसांवर आलेला, म्हणून आमच्या आळीने त्या दुपारी जेवून घेतलं, पिऊन घेतलं. त्या जेवणात एका बाटलीबद्दल चाळीस माणसं खोटं बोलली आणि एक म्हातारी खरं बोलली. आता मला सांगा — प्रेम कुणी केलं? चाळिसांनी, की एकीने?

बोला ना! गप्प का? पुढच्या बाकावरच्या बायका म्हणतायत, चाळिसांनी. मागे पुरुषमंडळी काहीच म्हणत नाहीत — त्यांचं लक्ष ‘बाटली’ या शब्दावरच अडकलंय!

तर ऐका. पेटीवाले, जरा दमाने घ्या, कीर्तनातली गोष्ट पळून जात नाही.

आमच्या आळीत बस्त्याव तुस्कानो नावाचे गृहस्थ होते. वय अठ्ठावन्न. केळीची वाडी, दोन विहिरी, आवाज असा की इथून हाक मारली तर समुद्रावरची होडी मागे वळावी! आणि त्यांची बायको कोन्सूबाय. मंडळी, वसईच्या या किनाऱ्यावर घरोघरी वाइन होते, नाताळला होते, लग्नाला होते. पण कोन्सूबायची वाइन निराळी. काळी द्राक्षं आली की ती एकेक मणी देठापासून सोडवायची. चिनी मातीची बरणी उन्हात तापवून घ्यायची. द्राक्षं कुस्करून, साखर, उकळून गार केलेलं पाणी, मूठभर गहू, चिमूटभर यीस्ट, थोडी दालचिनी-लवंग. वर मलमलचं फडकं आणि झाकण. एकवीस दिवस. रोज सकाळी लाकडी पळीने एकदा ढवळायचं — एकदाच!

आणि नाताळच्या आधी ती पेला भरून नवऱ्यापुढे धरायची. पदराला हात पुसत विचारायची, “कशी झाली?”

बस्त्यावबाबा पेला एका दमात रिकामा करायचे आणि म्हणायचे, “छान!”

झालं. दर वर्षी हेच.

त्र्याहत्तर सालच्या ऑगस्टमध्ये कोन्सूबाय गेली. आठ दिवसांचा ताप. शेवटच्या दिवशी नवऱ्याचा हात धरून म्हणाली, “आपल्या ब्रिजीच्या लग्नात पहिला पेला घरच्या वाइनचा असू दे. दुकानातली आणू नका हं.” बाबा म्हणाले, “नाही आणणार.” ब्रिजी म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, ब्रिजीत. लग्न ठरलेलं. ईस्टर झाला की दुसऱ्या आठवड्यात.

आता बघा अडचण! ज्या माणसाने जन्मात चहा केला नाही, त्याने वाइन करायची. बरं, कुणाला विचारायचं? पुरुषाने? छे! बाबांनी जानेवारीत द्राक्षं आणली, दार लावून घेतलं, आणि आठवेल तसं केलं. एकवीस दिवस झाले. गाळली. आणि लग्नाआधी लोकांना चाखवावी म्हणून पहिली बाटली आणली माझ्या लेकीच्या बाप्तिस्म्याला.

मांडवात उभे राहिले. म्हणाले, “मी केलीय.”

मंडळी, मी पहिला घोट घेतला. काय सांगू! कानामागून घाम आला. डावा डोळा आपोआप मिटला! पण समोर तो माणूस उभा. सहा महिन्यांचा विधुर. तुम्ही काय म्हणाला असता?

मी म्हणालो, “छान!”

माझा भाऊ म्हणाला, “छान!” माझी सासू — जिने आजवर कुणाला बरं म्हटलं नाही — ती म्हणाली, “छान आहे हो!” चाळीस माणसं, चाळीस छान. बाबांचा चेहरा उजळला.

तेवढ्यात पेला गेला नातालमावशीच्या हातात. ही नातालमावशी सत्तरीची, विड्याची पानं विकायची. पान नुसतं हुंगून सांगायची कुणाच्या वाडीतलं ते. लग्न कुणाचंही असो, वाइन आधी तिच्या नाकाखालून जायची. तिने पेला हुंगला. एक थेंब जिभेवर घेतला. पेला खाली ठेवला.

“बस्त्याव,” ती म्हणाली, “याच्यात कैऱ्या घाल. लोणचं चांगलं होईल.”

सगळा मांडव गार!

“आंबलीय?” बाबांनी विचारलं.

“आंबून पार पुढे गेलीय. व्हिनेगर झालाय, बाबा. झाकण कितीदा उघडत होतास?”

“रोज... आठ-दहा वेळा.”

“ढवळायला?”

“नाही.” बाबा खाली बघत म्हणाले. “घरात वास सुटायचा. तिच्या वेळचा.”

मंडळी, हसू नका. वास घ्यायला तो माणूस झाकण उघडायचा आणि प्रत्येक वेळी हवा आत जायची. बुडबुडे थांबल्यावर हवा गेली की वाइनचा व्हिनेगर होतो. बायकोची आठवण काढता काढता त्याने बायकोचीच वाइन नासवली!

पण तेव्हा बाबांना राग आला. मोठ्याने म्हणाले, “चाळीस माणसांना गोड लागली आणि हिला एकटीला आंबट!” बाटली उचलली आणि निघून गेले. जेवलेसुद्धा नाहीत. सगळे मावशीवर तुटून पडले. माझी सासू म्हणाली, “नातालबाय, दोन शब्द गोड बोलली असतीस तर जीभ झडली असती का?”

मावशी म्हणाली, “आज तुम्ही गोड बोललात. लग्नात नवऱ्याकडची माणसं गोड बोलतील का? पोरीला जन्मभर ऐकवतील.”

चौथ्या दिवशी बाबा माझ्याकडे आले. “मिंगेल, माझ्याबरोबर चल. एकट्याने त्या म्हातारीच्या दारात जायला लाज वाटते.” गेलो. मावशी ओट्यावर पानं धूत बसली होती.

“नातालबाय, मला वाइन करायला शिकव.”

“नाही शिकवणार.”

“का?”

“करायला काय, पोरंही करतात. तुला चाखायला शिकवते. चाखता आलं की करता येईल. बस.”

“आता? उपवासकाळ चालू झालाय! ईस्टरपर्यंत मी थेंब घेत नाही.”

“मग गिळू नकोस. तोंडात घे, फिरव आणि थुंक. देवाने मना केलंय ते पोटाला. जिभेला शाळेत घालायला कुणी मना केलंय?”

आणि मंडळी, शाळा सुरू झाली! पहिल्या दिवशी वाइन नाहीच. तीन तांबे पाणी. डोळे मिटायचे आणि सांगायचं कुठल्या विहिरीचं. बाबांना त्यातलं स्वतःच्या विहिरीचं ओळखू येईना! अठ्ठावन्न वर्षं ज्या विहिरीचं पाणी प्यायले ती!

मावशी म्हणाली, “इतकी वर्षं काय तहान भागवत होतास नुसती?”

दुसऱ्या दिवशी द्राक्ष. आधी गर, मग साल वेगळी चावायची, मग बी. “काय लागतं?” “गोड.” “सालीला?” “...गोड.” “बस्त्याव, तुझ्या तोंडात एकच शब्द आहे का रे?” तिसऱ्या दिवशी दालचिनी, लवंग, जळवलेली साखर — नुसतं हुंगायचं. मग कुणाकुणाच्या घरची वाइन, घोट घोट, आणि शेजारी पितळेचं तस्त. बाबा थुंकत होते आणि कपाळाला आठ्या घालून बसत होते.

मंडळी, मी तेव्हा सहीच्या जागी अंगठा देत होतो. अक्षर मी चाळिशीनंतर शिकलो. पाटीवर सगळ्या नुसत्या रेघाच दिसायच्या. मग एका दिवशी त्यातलीच एक रेघ ‘म’ म्हणाली. चवीचंही तसंच असतं. तीन आठवड्यांनी बाबा एकदम म्हणाले, “यात आधी गोड आहे, आणि मग काहीतरी तुरट येतंय. मागून.” मावशीने पानाचा एक विडा करून त्यांच्या हातात दिला. तेच तिचं सर्टिफिकेट!

मधल्या काळात बाबांनी दुसरी बरणी घातली होती. दिवस मोजून, रोज एकच पळी, एरवी झाकण न उघडता. पण आता प्रश्न आला — गोडी कुठे थांबवायची, मसाला किती? मावशी म्हणाली, “कोन्सूची वाइन कशी होती, सांग. तशी करू.”

बाबा म्हणाले, “छान होती.”

“म्हणजे कशी?”

 

मंडळी, ज्या वाइनची आठवण काढून तो माणूस सहा महिने रडत होता, तिची चव त्याला सांगता येईना!

मावशीने विचारलं, “तिच्या हातची एखादी बाटली उरलीय?”

उरली होती. एकच. घरातल्या वेदीच्या मागे, फडक्यात गुंडाळून. बाबा उठले. “ती नाही उघडणार. ती संपली की कोन्सू संपली.”

“ठेवून काय करशील? बाटलीचा फोटो काढून भिंतीवर लावशील?”

“नातालबाय, तोंड सांभाळ!”

आठ दिवस ते तिच्या दारात फिरकले नाहीत. इकडे बरणीतले बुडबुडे थांबत आले. लग्नाला महिना. ब्रिजी मला म्हणाली, “मिंगेलदादा, बाबांना सांगा, दुकानातली आणली तरी मी काही म्हणणार नाही.” मी हे बाबांना सांगितलं. त्यांनी ऐकलं, आत गेले, आणि फडक्यातली बाटली काढून हातात घेतली. “चल,” म्हणाले.

भर दुपारी मावशीच्या ओट्यावर बूच काढलं. मावशीने तस्त पुढे सरकवलं. बाबांनी ते पायाने मागे लोटलं.

“ही थुंकणार नाही. फादरांना मी सांगेन काय ते.”

“सांग,” मावशी म्हणाली. “पण हळू पी.”

त्यांनी डोळे मिटले. हुंगलं. पुन्हा हुंगलं. एक घोट घेऊन इतका वेळ तोंडात ठेवला की मला वाटलं, हा माणूस श्वास घ्यायला विसरला! मग गिळला. आणि कपाळावर बारीकशी आठी आली.

“लवंग,” ते म्हणाले. “लवंग जास्त पडलीय.”

म्हणाले आणि स्वतःच घाबरले! जणू काही देवळात शिवी दिली!

मावशी शांतपणे म्हणाली, “हो. पडली होती. तुला पेला दिला त्याच संध्याकाळी कोन्सू माझ्याकडे आली होती. म्हणाली, मावशी, यंदा लवंग चुकली. मी म्हटलं, बस्त्याव काय म्हणाला? तर हसली. म्हणाली, ते छान म्हणाले.”

बाबांनी पेला ओट्यावर ठेवला.

“दर वर्षी येऊन बसायची, बस्त्याव. या इथे. म्हणायची, मावशी, तुम्ही सांगा. आमच्या घरात चव सांगणारं कुणी नाही.”

मंडळी, बस्त्यावबाबांनी बायकोवर कधी हात उगारला नाही. कधी उपाशी ठेवलं नाही. रविवारी देवळात मिस्साला दोघं जोडीने जायचे. चांगला नवरा! तुम्ही-आम्ही म्हणू तसा चांगला! आणि तरी ती बाई एकतीस वर्षं त्या घरात एकटीच चाखत राहिली.

तो एवढा मोठ्या आवाजाचा माणूस हळूच म्हणाला, “मिंगेल, ती विचारायची तेव्हा मी पेला संपवायचो. तिच्याकडे बघायचो सुद्धा नाही.” आणि मग उरलेली बाटली त्याने तिथेच, घोट घोट घेत, संध्याकाळपर्यंत संपवली. प्रत्येक घोटाला काहीतरी सांगत होता — यात जळक्या साखरेचा वास आहे, हे गव्हाचं असेल, इथे गोडी थांबते. मावशी पानं धूत ‘हं’ म्हणत होती. पण तो मावशीला सांगत नव्हता, मंडळी. कुणाला सांगत होता ते तुम्हाला कळलंय.

द्या हो पेटीवाले, सूर द्या!

*जीभ दिली देवे, चव दिली देवे,*
*सांगाया का ओठ, जड झाले?*
*जिने रांधिले गा, तीच उभी दारी,*
*ताट रिते झाले, बोल नाही!*

आता लग्न. मांडव भरला. पहिला पेला वधूच्या घरचा. ब्रिजीने ओठाला लावला आणि बापाकडे बघितलं. “बाबा, ही आईसारखी नाही.”

“नाही,” बाबा म्हणाले. “ही माझी आहे. तिची मला येत नाही.”

पोरीने डोळे पुसले आणि दुसरा घोट घेतला.

तेवढ्यात नवऱ्याचा बाप उठला. जाडजूड माणूस, कोट घातलेला, पेला उंच धरून म्हणाला, “व्याहीबुवा, छान आहे हो वाइन!”

आणि बस्त्यावबाबा, भर मांडवात, लेकीच्या सासऱ्याला म्हणाले, “छान नको! काय लागलं ते सांगा!”

अरे देवा! माझी सासू माझ्या कानात म्हणाली, “मोडलं लग्न!”

व्याही गोंधळला. इकडे बघतो, तिकडे बघतो. मग त्याने पुन्हा घोट घेतला. या वेळी हळू. डोळे मिटून. सगळा मांडव त्याच्या तोंडाकडे बघतोय.

“थोडी... तुरट आहे,” तो म्हणाला. “शेवटाला.”

“साली बरणीत दोन दिवस जास्त राहिल्या!” बाबा आनंदाने ओरडले. “बरोबर! बरोबर सांगितलंत!” आणि त्या जाड माणसाला त्यांनी अशी मिठी मारली की दोघांच्या पेल्यांतली वाइन दोघांच्या कोटांवर! कोपऱ्यात नातालमावशी पेला हुंगत बसली होती. तिला कुणीतरी विचारलं तेव्हा म्हणाली, “पास झाला. पहिला नंबर नाही. पास.”

तर मंडळी, मी सुरुवातीला विचारलं, प्रेम कुणी केलं? आम्ही चाळीस जणांनी दया केली. दया करायला सोपी असते, पेला खाली ठेवला की संपते. मावशीने त्या माणसासाठी घोट नीट घेतला आणि नंतर दीड महिना त्याला ओट्यावर बसवलं.

आता तुमच्याकडे येतो! नाही, नाही, उठू नका. उद्या कुणी फादरांना जाऊन सांगू नका की कीर्तनात मिंगेलने दारू प्या म्हणून सांगितलं! जो ढोसतो, त्याला चव कळत नाही. मी एवढंच विचारतो — आज सकाळी तुमच्या ताटात काय होतं? तुम्ही, तिसऱ्या बाकावरचे, मिशीवाले! भाजीत मीठ कमी होतं की जास्त? आठवत नाही! खाल्लीत ना? आणि जिने केली ती तुमच्या शेजारी बसलीय, बघा कशी बघतेय! आणि बायांनो, हसू नका — तो दिवसभर वाडीत खपून येतो, केळीचा घड दाखवतो, तेव्हा तुम्ही घडाकडे बघता का? लेक शाळेतून चित्र घेऊन येते, तेव्हा? छान, छान, जा आता, हात धू!

आज घरी गेल्यावर एक घास थांबून खा. एक गोष्ट खरी सांगा. चूक असेल तरी सांगा. माणूस रागावेल, चार दिवस येणार नाही. पण तुम्ही त्याच्या हातचं चाखलंत, हे त्याला कळेल.

नातालमावशी एकोणऐंशी सालच्या जूनमध्ये वारली. बस्त्याव तुस्कानो त्यानंतर नऊ वर्षं जगले आणि दर वर्षी वाइन करत राहिले. एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी सालच्या नोव्हेंबरच्या तीन तारखेला, सकाळी, ते वारले.