दोन खुर्च्यांमधली जागा

रेणूबाई : …तर खुर्ची एकच. हे मी नाही म्हणत, मोठे सर म्हणतात. माझं काय, मी तुमच्या लेकीला, मुकला, दहा आया दिल्या असत्या.

जुम : दहा नकोत, बाई. दोनच आहेत. आणि त्या आधीपासूनच आहेत.

रेणूबाई : अहो, सेहेचाळीस मुलं, सेहेचाळीस खुर्च्या. विहारातून मागून आणल्यात. एकेका खुर्चीला लाल कापड घालून मागे फीत बांधलीय, माझी बोटं बघा. उद्या शाळेचा मातृदिन. एक मूल, एक हार, एक आई. सरांनी तक्ताच केलाय.

जुम : आणि तक्त्यात मुकच्या नावापुढे कोण आहे?

रेणूबाई : रात्रीताई. जन्म त्यांनी दिला ना.

जुम : रात्री म्हणते, जुमला खुर्ची नसेल तर मीही येत नाही.

रेणूबाई : म्हणून तर आजींना बोलावलं, रात्रीताईंच्या आईंना. लेक नाही आली तर लेकीची आई बसेल. खुर्ची रिकामी राहायला नको, फोटो काढायचे असतात.

आजी : मला फोन आला, मी आले. कुठली खुर्ची ती? पाठ टेकता येते का?

जुम : आजी, मला टाळायला तुम्हाला बसवतायत हे ठाऊक होतं तुम्हाला?

आजी : मला खुर्चीचं सांगितलं. भांडणाचं कोणी बोललं नाही.

रेणूबाई : भांडण नाहीच आहे, आजी. मुकचा विचार करतोय आपण.

जुम : मुकने स्वतःचा विचार करून ठेवलाय. दोन हार ओवून झालेत तिचे. एक लांब आहे, एक आखूड, मोगरा संपला म्हणून. आणि एकच आई बोलावली तर तिच्या पोटात दुखणार आहे. आजपासूनच दुखवायला घेतलंय, उद्या घाई नको म्हणून.

रेणूबाई : अरे देवा. ती पहिल्या रांगेत आहे.

जुम : पहिल्या रांगेतच दुखेल मग.

रेणूबाई : जुमताई, मी तुमच्या बाजूने आहे हो. पण सर म्हणतात, मुलं प्रश्न विचारतील.

जुम : विचारतात की. परवा एकाने फाटकावर गाठलं मला. म्हणाला, मुकला दोन आया आहेत, मग ओरडतं कोण? म्हटलं, दोघी. त्याला मुकची फार दया आली. स्वतःचा खाऊ दिला तिला.

आजी : हे खरंय. दोघी ओरडतात. मी ऐकलंय.

रेणूबाई : आणि गावातले लोक?

जुम : जानेवारीत तालुका कचेरीत रात्रीच्या आणि माझ्या लग्नाची नोंदणी झाली. संध्याकाळी सगळा गाव आमच्या अंगणात जेवायला होता. तीन डुकरं संपली, मोठे सर स्वतः दोनदा ताट घेऊन उठले. तेव्हा कोणी काही म्हटलं नाही.

आजी : तोंडात घास असेल.

जुम : तुम्ही नव्हतात, आजी.

आजी : गुडघा दुखत होता.

जुम : त्या दिवशी तुम्ही चालत बाजारात गेलेलात.

आजी : बाजाराचा रस्ता सपाट आहे. तुमच्याकडे यायला चढ.

रेणूबाई : आपण खुर्चीचं बघूया का?

जुम : बघूया. गेल्या वर्षी बीमच्या खुर्चीवर कोण होतं?

रेणूबाई : बीमची आई कोरियात असते.

जुम : कोण होतं, बाई?

रेणूबाई : टॅबलेट.

आजी : गोळी?

रेणूबाई : मोठा फोन असतो ना, आजी, तसा. आई त्यात दिसत होती. बीम नमस्काराला खाली वाकला आणि नेमकी बॅटरी संपली. पण तो वाकलेलाच राहिला, शिस्तीचा मुलगा आहे. सोहळा छान झाला.

जुम : म्हणजे काळ्या काचेला खुर्ची मिळाली. आणि त्या गोल्फ नावाच्या मुलाच्या खुर्चीवर?

रेणूबाई : त्याचे काका.

जुम : मिशीवाले.

रेणूबाई : हो, पण ते आईच्या जागी होते! तसं चालतं. तक्त्यात शेवटचा रकाना आहेच, ‘आईच्या जागी’. आजी, काका, टॅबलेट, कोणीही.

जुम : मी कोणाच्या जागी नाहीये, बाई. मी आई आहे.

रेणूबाई : तीच तर अडचण आहे! तुम्ही काका असता तर काही प्रश्नच नव्हता.

जुम : मिशी काढू का आत्ता पेनाने?

रेणूबाई : चिडू नका. मी एक तोडगा काढलाय. रात्रीताईंना उद्या बसवू, आणि तुम्हाला डिसेंबरमध्ये. पितृदिनाला. तेव्हा मुकची खुर्ची रिकामीच असते. त्या दिवशी सगळे बाप घालतात तसा पिवळा शर्ट घाला, केस तर तुमचे आखूड आहेतच.

जुम : केस आखूड आहेत कारण मी डुरियानच्या झाडावर चढते. लांब ठेवले तर फळाच्या काट्यांत अडकून फळाबरोबर मीही खाली येईन.

रेणूबाई : आत्ता ऑगस्ट, चार महिन्यांचाच प्रश्न आहे.

जुम : तिला ताप आला की मी चार महिने थांबत नाही, बाई. रोज सकाळी वेणी मी घालते. वाकडी घालते, तुम्ही बघताच. ती वाकडी वेणी कोणा बापाची नाही. आमच्या घरात बाप हरवलेला नाही, म्हणून तुम्ही शोधूनही देऊ नका. दोन आया आहेत. मूल उपाशी नाही, उघडं नाही, पाढे येतात तिला. अजून काय करायचं कुटुंबाने?

रेणूबाई : पाढे छान येतात, हे मी सरांनाही सांगितलं.

जुम : मग?

रेणूबाई : खरं सांगू? खरी अडचण गाण्याची आहे. आईचं गाणं लागतं, दुसरं कडवं संपलं की सर माइकवर एक, दोन, तीन म्हणतात आणि सगळी मुलं एकदम वाकतात. मुकला दोन आया दिल्या तर ती दोनदा वाकणार. पंचेचाळीस डोकी वर आणि एक खाली. सरांनी कागदावर काढून बघितलं. चित्र बिघडतं.

जुम : मग एकदाच वाकेल. दोन्ही खुर्च्यांच्या मधे.

रेणूबाई : मधे कोणीच नाही ना! मूल फरशीला नमस्कार करतंय असं दिसेल.

जुम : बीम काळ्या काचेला वाकला ते चाललं.

रेणूबाई : काचेखाली खुर्ची होती.

आजी : बाई, मला एक सांगा. मी उद्या ज्या खुर्चीवर बसायचं, तिथे कागदावर काय लिहिणार?

रेणूबाई : ‘रात्री यांच्या जागी.’

आजी : माझी लेक जिवंत आहे.

रेणूबाई : हो, हो, तशा अर्थाने नाही—

आजी : जिवंत लेकीच्या जागी म्हातारीला बसवतात का कोणी? अपशकुन आहे. मी नाही बसत.

रेणूबाई : आजी, मग खुर्ची रिकामी राहील हो!

आजी : मला डेंग्यू झाला होता तेव्हा ही जुम रोज दवाखान्यात यायची. नऊ दिवस. खोलीत स्टूल एकच. त्यावर भेटायला येणारी माणसं बसायची, ही भिंतीला उभी. मी एकदाही म्हटलं नाही, बस म्हणून.

जुम : तुम्हाला ताप होता, आजी.

आजी : तीन दिवस होता. उरलेले सहा दिवस मी शुद्धीत होते.

रेणूबाई : …पाणी घेता का कोणी?

आजी : नको. मधे कोणी नाही म्हणून अडलंय ना? मी बसते मधे.

रेणूबाई : कशाच्या मधे?

आजी : ह्या दोघींच्या. मुक माझ्यासमोर एकदाच वाकेल, इकडचं तिकडचं दोघींना पोचेल. तुमचं गाणं बिघडायला नको.

रेणूबाई : म्हणजे तीन खुर्च्या? मी दुसरी देत नव्हते!

आजी : विहारातले थोरले भंते लहानपणी माझ्या भावाचे पतंग चोरायचे. दोन खुर्च्या मी मागून आणते.

रेणूबाई : पण सर विचारतील, मधल्या खुर्चीवर कोण?

आजी : आई. मातृदिन आहे ना? मीही आई आहे, कोणी विचारत नाही एवढंच.

रेणूबाई : तसं नाही हो, आजी. तक्त्यात प्रत्येक खुर्चीपुढे मूल लागतं. मुकचं नाव दोघींपुढे लिहिलं, एकदाचं. तुमच्यापुढे कोण?

आजी : रात्री.

रेणूबाई : त्या तर शेजारच्या खुर्चीवर असतील.

आजी : उठेल, वाकेल, परत बसेल. अडतीस वर्षांची आहे, जमेल तिला.

रेणूबाई : बरं. तुमचं नाव लिहिते. ‘आई : बुआलाय. मूल : रात्री.’ मुलांची संख्या एक.

आजी : दोन.

रेणूबाई : दोन? तुम्हाला तर एकच मुलगी ना?

आजी : तुझी आई कुठे असते गं?

जुम : ती नाही, आजी. मी नववीत होते तेव्हा गेली.

आजी : माहीत आहे मला. बाईंना कळावं म्हणून विचारलं. लिहा, बाई, दोन. दुसरीचं नाव जुम. पूर्ण नाव तीच सांगेल, मी कधी विचारलं नव्हतं.

रेणूबाई : सांगा, जुमताई.

(जुम टेबलावरचा तक्ता आपल्याकडे वळवून रात्रीच्या नावाखालच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवते.)

आजी : सांग की. बाई थांबल्यात.