गाईक सिमची टकटक

नाही नाही, खुर्ची तिकडे नका नेऊ डॉक्टर, इथेच बसा, दोन खाटांच्या मधे, म्हणजे तिला बघता बघता माझं ऐकाल. आणि आधीच सांगते, मी चिडलेली नाहीय. माझा आवाजच असा आहे. जन्मभर शाळेत शिवण शिकवलं, मागच्या बाकापर्यंत पोचायला लागतं. या वृद्धाश्रमात आवाज चढला की गोळी सुरू होते, म्हणून आधीच सांगून ठेवलं. बसा.

तर ही गाईक सिम. बघा ना — तोंड उघडं, उशी लाळेनं ओली, दुपारची पेज अजून गालातच. काय म्हणता, शांत आहे? सगळे तेच म्हणतात. तिचा मुलगा सिंगापूरहून आला, संत्री ठेवली, म्हणाला, आई किती शांत झालीय. अहो, शांत तर माझी उशीपण आहे. डुरियनची फळं पिकतात त्या दिवसांत यायला हवं होतंत तुम्ही. दिवेलागणीला उठून बसायची आणि चमच्यानं खाटेच्या कठड्यावर — टक-टक, टक-टक. रोज. आमचं सगळं करणारी थिरी, बिचारी बर्माची पोर, तिला वाटलं म्हातारी पिसाळली. मेट्रनला वाटलं त्रास देते. आणि तुमच्या आधीचे डॉक्टर — ते तर दारातूनच विचारायचे, ओरडते का, मारते का, लिहा गोळी. कुणी विचारलं का, बाई, वाजवतेस कशाला? नाही विचारलं. मी सांगते कशाला.

तिच्या बापाची नूडल्सची गाडी होती, इथेच, पेनांगात. गाडी मागून यायची आणि ही एवढीशी पोर पुढे पळायची, हातात बांबूचे दोन तुकडे, टक-टक करत. तो आवाज आला की आम्ही माडीच्या खिडकीतून ओरडायचो, एक वाटी, मिरची जास्त. ही पळत जाऊन बापाला सांगायची. तुम्ही क्वालालंपूरचे, वयानं लहान, तुम्हाला कुठून माहीत असणार. पण मला माहीत होतं ना. म्हणून ती वाजवायला लागली की मी या खाटेवरून ओरडायची — एक वाटी, मिरची जास्त. मान हलवायची ती, आणि चमचा खाली. संपलं. पुन्हा आवाज नाही. एवढंसं औषध होतं हो तिचं. पण दोघी म्हाताऱ्या ओरडतात म्हटल्यावर कोण ऐकतंय.

मग ती पांढरी गोळी आली. वेड्यांची गोळी आहे ना ती? खरं सांगा. आधी हिला एकटीलाच होती. आता बघा — कोपऱ्यातले आजोबा रडतात, त्यांना तीच. ती बाई घरी जायचं म्हणते, तिलाही तीच. घरी जायचं म्हणणं हा काय आजार झाला? सगळ्या मजल्याला पोरी दोन, त्यांनी तरी किती जणांना धरायचं, कळतं मला. पण म्हणून सगळ्यांना झोपवून ठेवायचं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार हा. नाही, ओरडत नाहीय मी. हे बघा, हळू बोलतेय.

एकच मागते. तिची गोळी कमी करा. ती आत आहे अजून, मला माहीत आहे. मीच वाजवते ना हल्ली, दिवेलागणीला, या माझ्या चमच्यानं — कानावर पडलं तर आठवेल म्हणून. परवा तिची करंगळी हलली. मेट्रन म्हणाली, भास झाला तुला. भास कसला? मी पाहिली.

काय म्हणालात?

तिला बघायला नाही आलात? मग कुणाला? — मला? वाजवते म्हणून? मेट्रननं बोलावलं? अहो, हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण झालं. नाही, वाजवते म्हणजे... एकदा वाजवला असेल. चुकून लागला असेल चमचा. मला झोप येते, भूक लागते, मी कुणाला मारत नाही. ती गोळी नको मला, डॉक्टर. सुईत दोरा ओवते मी अजून, चष्म्याशिवाय. हात जोडते. विचारा या थिरीला, मी कधी —

थांबा.

काही नाही. कसला आवाज? मी नाही ऐकला. तिकडे काय बघताय, इकडे बघा, माझ्याकडे. मीच वाजवलं. हा काय चमचा, माझ्याच हातात आहे. थिरी, तिचा हात पांघरुणात घे गं, गार पडलाय. हो डॉक्टर, रोज मीच वाजवते, आणि ओरडतेही मीच, ती कुठली वाजवणार, ती तर शांत आहे, तुम्हीच म्हणालात. तिची वाढवू नका. माझ्या नावावर लिहा काय लिहायचं ते. लिहिलंत? मग उठा आता, मधे बसू नका.

एक वाटी, गाईक सिम. मिरची जास्त.