डेन्मार्कला जाण्याआधी

(सोलापूर, जून १९२९. गिरणीजवळच्या बायकांच्या दवाखान्यामागची खोली. रोगी घरी गेले आहेत. दवाखान्याची डॅनिश नर्स एल्साबाई आणि शुक्रवार पेठेतल्या, नुकत्याच वारलेल्या मास्तरांची मुलगी दुर्गा; वडिलांना ती अण्णा म्हणते.)

एल्साबाई: आनि मग ती आगगाडी बोटीत शिरती.

दुर्गा: आगगाडी, बोटीत?

एल्साबाई: व्हय. बोटीच्या पोटात रूळ हायत. डबेच्या डबे आत ढकलत्यात, अन् बोट निघती. जर्मनीत बसायचं, अन् उतरायचं ते आमच्या मुलखात. तुमी जागा सोडू नका, एवडंच. समुद्र बगायला म्हनून वर गेलं, की खिडकीची जागा दुसरं कुनीतरी घेतं.

दुर्गा: अण्णांनी सांगितलं होतं मला हे. मला वाटलं, माझी थट्टा करताहेत.

एल्साबाई: मास्तरांना तरी कुटं पटलं हुतं? फिरून फिरून तेच इचारायचे. शेवटी मी चित्र काडून दावलं.

दुर्गा: तुमचं बोलणं ऐकलं की मला अजून हसू येतं, एल्साबाई.

एल्साबाई: हसा की. मी नवी आले तवा मला शिकवायला पुन्याचे शास्त्री ठेवले हुते. त्यांचं शिकून मी एका बाळंतिनीला म्हनले, 'भगिनी, आपणांस वेदना कोठे होत आहेत?' ती घाबरून उटूनच बसली. मग आमच्या दवाखान्यातल्या सारजाबाईनं शिकवलं. आता गिरनीतल्या बायांना समदं समजतं. हसू येतं ते तुमच्या पेठेतल्या लोकांना.

दुर्गा: अण्णा हसायचे?

एल्साबाई: न्हाय. ते चुका काडायचे.

दुर्गा: हो. तेच करायचे.

एल्साबाई: कॉफी घ्या.

दुर्गा: नको. वर्ष चाललंय अण्णांचं, आणि मी बाहेर कुठं काही घेत नाही.

एल्साबाई: ही शिकवनीच समजा. आमच्याकडं कुनाच्या घरी जाऊन कॉफी नको म्हनलं, तर घरची बाई दिसभर इचार करत बसती, माजं काय चुकलं. आमच्याकडच्या त्या शिक्षन परिषदेची मान्सं तुमाला घरोघर बोलावनार. हितंच सवय करून जावा.

दुर्गा: अण्णा घ्यायचे?

एल्साबाई: दोन पेले.

दुर्गा: घरात मात्र आम्हाला सांगायचे, कॉफीनं पित्त होतं. द्या बघू. ...कडू आहे.

एल्साबाई: मास्तरबी असंच तोंड करायचे. मग दुसरा पेला मागायचे.

दुर्गा: आणि जेवणाचं काय? मी तिकडं खाऊ काय?

एल्साबाई: काळी भाकरी असती, जोंधळ्याची न्हवं, दुसऱ्या धान्याची. आंबूस लागती, पन पोट भरतं. लोनी, बटाटं, दूध हवं तेवडं. फकस्त एक ध्यानात ठेवा. मी मांस खात न्हाय असं सांगितलं, की ते मासा आनून ठेवतील. लई मायेनं आनतील. त्यांच्या लेखी मासा म्हंजे भाजीच. तवा आदीच सांगायचं, ज्याला डोळे हायत ते खात न्हाय.

दुर्गा: बटाट्यालाही डोळे असतात म्हणतात.

एल्साबाई: बगा, थट्टा सुचली तुमाला. लई दिसांनी.

दुर्गा: डोंगर वगैरे आहेत का तिकडं?

एल्साबाई: एक हाय. त्याचं नाव आमी ठेवलंय आभाळाचा डोंगर. तुळजापूरच्या घाटाखाली नेऊन उभा केला तर लाजंल बिचारा. लहान देश हाय, दुर्गाबाई. मुंबई इलाख्याच्या एका कोपऱ्यात मावंल. समदा सपाट, वारा तेवडा मोकाट. पदर खांद्याला टाचनीनं लावा. ऊन असलं तरी लोकरीचं काय तरी अंगावर असू द्या. आनि सहाला बोलावलं, तर सहालाच जायचं. पाच मिन्टं आदी गेलं तर घराबाहेर फेऱ्या मारायच्या.

दुर्गा: फेऱ्या मारायला तरी बळ हवं.

एल्साबाई: दमलाय व्हय?

दुर्गा: तीन वर्षं अण्णांचं सगळं मीच केलं. डोळे अधू झाले, मग पाय गेले. तरी रोज संध्याकाळी टांगा बोलावून ते तुमच्याकडं यायचे, डेन्मार्कची माहिती घ्यायला. माणूस खोलीतून अंगणात येताना दोनदा बसतो, आणि म्हणतो, मी परिषदेत उभं राहून निबंध वाचणार. खेड्यातल्या शाळांवर. त्यांनी सांगायचा, मी लिहायचा. पाठ झालाय मला. आता ती मंडळी म्हणतात, मास्तर गेले, तर तुम्ही येऊन वाचा. चैत्रात अण्णा गेले, तेव्हापासून मला नुसतं झोपावंसं वाटतं, एल्साबाई.

एल्साबाई: मग नगा जाऊ.

दुर्गा: गेले नाही, तर परवा पुण्याला जायचं. दादा आलाय. उद्या अण्णांचं मासिक श्राद्ध झालं, की घराला कुलूप लावून मला त्याच्याकडं नेणार. वहिनीचे दिवस भरत आलेत, घरात बाई हवी.

एल्साबाई: हितली तुमची मुलींची शाळा?

दुर्गा: सोडायची.

एल्साबाई: दादांना सांगितलंत, तुमाला कुटं जायचंय ते?

दुर्गा: सांगितलं. तो म्हणाला, दहाव्या दिवशी कावळा शिवत नव्हता. मग त्यानं हात जोडून सांगितलं, अण्णा, दुर्गेला मी पुण्याला नेतो, तिला कधी अंतर देणार नाही. तेव्हा कावळा उतरला आणि पिंडाला शिवला. म्हणजे अण्णांची इच्छा तीच. यावर मी काय बोलू?

एल्साबाई: तुमी मानता हे?

दुर्गा: इतकी पुस्तकं वाचून सांगता येत नाही, मानते की नाही. पण दादा मानतो. आणि अण्णांना तो तिथं शब्द देत होता, तेव्हा मी घरी होते. बायका घाटावर जात नाहीत. उद्याचा स्वयंपाकही माझ्या हातचा नाही. मी नवव्या वर्षी विधवा झाले, अण्णांनी माझे केस काढू दिले नाहीत, शाळेत घातलं. आता केस ठेवलेल्या बाईच्या हातचं त्यांच्याच श्राद्धाला चालत नाही. आत्या येणार आहेत रांधायला. तीन वर्षं मी अण्णांना भरवलं ते चाललं.

एल्साबाई: माज्या आईला मी भरवलं न्हाय. माती द्यायलाबी न्हवते. हितं पटकीची साथ हुती. ती गेल्याचं मला कळलं तवर तिच्यावर गवत उगवलं आसंल.

दुर्गा: कधी बोलला नाहीत.

एल्साबाई: मास्तरांना सांगितलं हुतं. दुर्गाबाई, तुमी गेलात, तर एक काम सांगू का? परिषदेच्या गावापास्नं जरा लांब पडतं. आमच्याकडं थडग्याची जागा कायमची नसती. ठरलेली वर्सं झाली, कुनी इचारायला आलं न्हाय, की दगड काडत्यात अन् जागा दुसऱ्याला देत्यात. आईची मुदत येत्या हिवाळ्यात सपती. मुदत वाडवायची न्हाय मला, माज्यामागं कोन जानार तितं? फकस्त दगड काडायच्या आदी कुनीतरी एकदा पानी घालावं.

दुर्गा: मी?

एल्साबाई: व्हय.

दुर्गा: एल्साबाई, माझ्या वडिलांना पाणी द्यायचा मला अधिकार नाही. तुमच्या आईला मी कशी देऊ?

एल्साबाई: तितं अधिकार लागत न्हाय. नळ हाय दाराशी. झाऱ्या टांगलेल्या असत्यात, ज्याला हवी त्यानं घ्यावी. थडग्यावरच्या झाडांना घालायचं, अन् झारी परत टांगायची.

दुर्गा: मंत्र वगैरे?

एल्साबाई: काय न्हाय. ...कोन हाय दारात? या की आत. तुमीच का दुर्गाबाईंचे दादा, कमलाकरपंत?

कमलाकर: हो. दुर्गे, आत्या कधीच्या खोळंबल्यात. सोवळ्याचं सामान कुठं ठेवलंयस ते त्यांना सापडत नाही. आणि हे काय, तू इथं कॉफी घेतेस?

दुर्गा: घेतली.

कमलाकर: अण्णा असते तर—

दुर्गा: ते दोन पेले घ्यायचे, दादा.

कमलाकर: अण्णा? कॉफी?

एल्साबाई: बसा. दम खावा. टांगा न्हाय केलात?

कमलाकर: चालतच आलो. बाई, तुम्ही वडिलांशी चांगल्या वागलात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण हिच्या डोक्यात हे भरवू नका. अण्णांची गोष्ट वेगळी होती. ते जाणार नाहीत हे सगळ्यांना दिसत होतं, म्हणून कुणी अडवलं नाही. ही खरंच जाईल.

दुर्गा: माझ्याशी बोल. मी इथंच आहे.

कमलाकर: तुझ्याशी काय बोलू? घरात बाळंतपण आलंय. ऑफिसात रजा संपत आली. दर महिन्याला मासिकाला धावायचं, ते मी करतोय. मी एकटा पडतो गं. तू आलीस तर मला निदान घरी कुणाशी अण्णांबद्दल बोलता येईल.

दुर्गा: हे तू आधी म्हणाला नाहीस. कावळ्याचं सांगितलंस.

कमलाकर: ते आहेच.

दुर्गा: नीट सांग ना मला. मी तिथं नव्हते. तू शब्द दिलास, आणि मग? लगेच आला?

कमलाकर: आला.

दुर्गा: कुठून? समोरच्या पिंपळावरून?

कमलाकर: पिंपळावरून... असेल. आता काय आठवतं?

दुर्गा: अण्णांचा तो शेवटचा घास. तुला आठवत नाही?

कमलाकर: नाही आला.

दुर्गा: काय?

कमलाकर: नाही शिवला, दुर्गे. ऊन डोक्यावर आलं. तुला नेतो म्हणालो. घर विकणार नाही म्हणालो. पुस्तकं वाचनालयाला देतो म्हणालो. कावळे झाडावर बसलेले, एक उतरेना. भटजी म्हणाले, पंत, आता माणसं ताटकळलीत. मग त्यांनी दर्भाचा कावळा केला आणि तो शिववला.

एल्साबाई: गवताचा?

कमलाकर: हो. शास्त्रात आहे तसं. पण घरी येऊन तुझ्या तोंडाकडं बघून मला ते सांगवेना. म्हणून म्हटलं, शिवला.

दुर्गा: मला वाटत होतं, निदान ते तरी नीट झालं.

कमलाकर: म्हणूनच सांगितलं ना तसं.

दुर्गा: त्यांना काय हवं होतं, ते मग कुणालाच ठाऊक नाही.

कमलाकर: नाही. ...डेन्मार्कचं मी बोललो नव्हतो. सुचलं होतं. पण भटजी उभे, आत्यांचे मुलगे उभे. विधवा बहिणीला समुद्रापार पाठवतो, असं त्यांच्या देखत म्हणायला जीभ उचलेना.

दुर्गा: म्हणाला असतास तरी आला असता का, कुणास ठाऊक.

कमलाकर: तेही खरं.

दुर्गा: दादा, मी पाठ फिरवून पळून जात नाही. श्रावण सरता सरता परत येईन. वहिनीजवळ तोवर तिची आई असेल. मग पुण्याला येईन, चार दिवस राहीन, आणि सोलापूरला शाळेत परत जाईन. अण्णांबद्दल बोलायला तू इथं येत जा. पण हा निबंध दुसऱ्या कुणाला वाचता यायचा नाही. त्यांनी कुठं थांबायचं सांगितलं होतं, ते मलाच माहीत आहे.

कमलाकर: आत्यांना कोण सांगणार?

दुर्गा: मी.

कमलाकर: त्या उद्याचा स्वयंपाक टाकून जातील.

दुर्गा: स्वयंपाक झाल्यावर सांगेन.

कमलाकर: नको. मीच सांगतो. खोटं मीच बोललो होतो. ...बाई, एक विचारू? तिकडं एकट्या बाईला रस्त्यानं फिरता येतं?

एल्साबाई: येतं की. रातच्याला सुदिक.

कमलाकर: लोक काही बोलत नाहीत? हिच्या कपाळाला कुंकू नाही, हात मोकळे...

एल्साबाई: कुनाला त्याचा अर्थच ठावा न्हाय. वळूनबी बगनार न्हाईत. पयल्यांदा जरा परकं वाटतं, आपल्याकडं कुनीच बगत न्हाय म्हनून.

दुर्गा: मला नाही वाटायचं.